विवरणपत्र भरणाऱ्याची पारख

संस्कृतात ‘कर’ या शब्दाचे दोन अर्थ प्रसिद्ध आहेत. एक हात, आणि दुसरा राजाला द्यावयाचा भाग. प्रस्तुत विषयास हा योगायोग मोठा सोयीचा आहे. कारण कर द्यावयाचा तो आपल्या हाताने, परंतु त्याचा हिशेब लिहिणारा हात मात्र बहुधा दुसऱ्याचा असतो. तो दुसरा हात कोणाचा असावा व त्याची पारख कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय. महोत्सवी स्मरणिकेत आठवणी आणि गौरवलेख शोभतात, तेथे असा रुक्ष विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने आपल्या नात्यागोत्यात अलीकडे किती घरी प्राप्तिकर खात्याचे पत्र आले, हे एकदा मोजून पाहावे म्हणजे झाले.

वास्तविक धार-देवासच्या मराठी कुटुंबांस दफ्तराची नवलाई नाही. पवारांच्या मागोमाग जी मंडळी माळव्यात उतरली, त्यांत तलवारीवर जगणारे होते तसे लेखणीवर जगणारेही होते. फडणीस, मुजुमदार, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस ही आज आपण नुसती आडनावे म्हणून उच्चारतो. पण एके काळी ती कामे होती. पेशवाईच्या व्यवस्थेत मामलेदाराच्या बरोबरीने हे दरकदार नेमलेले असत, आणि त्यांस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. वसूल करणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासून सही करणारा तिसरा. मुजुमदाराच्या सहीवाचून हिशेबाचा कागद पुरा होत नसे. माणसे त्या काळीही आजच्यासारखीच होती, लोभी आणि निर्लोभी, दोन्ही. म्हणून भरवसा माणसाच्या चेहऱ्यावर न ठेवता कामाच्या वाटणीवर ठेवला होता. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील विवेचन सोपे जाईल.

देवासास तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये, दोन दरबार व दोन दफ्तरे होती. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. हिंदुस्थानचा १९२२ चा प्राप्तिकर कायदा मध्यभारतास लागू झाला तो १९५० च्या एप्रिलपासून. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा, व त्यांची संस्था त्याच वर्षी १ जुलै रोजी स्थापन झाली. म्हणजे केंद्राचा प्राप्तिकर आणि ज्यांस आपण आज ‘सीए’ म्हणतो ते सनदी लेखापाल हे दोघेही आपल्या भागात जवळजवळ बरोबरच आले. पुढे १९६१ चा कायदा आला व तो साठांहून अधिक वर्षे चालला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे. त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याने चालतात. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. या लेखात जुने क्रमांक जेथे आले आहेत तेथे ते केवळ ओळखीकरिता समजावेत.

आता मूळ मुद्दा. पुष्कळांना हे ठाऊक नसते की, दुसऱ्याचे साधे विवरणपत्र, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘रिटर्न’, भरून देण्यास कायद्याने कोणतीही सनद लागत नाही. झेरॉक्सच्या दुकानात बसणारा मुलगा ते भरू शकतो, वकील भरू शकतो, पुण्यास असलेला आपला चिरंजीव भरू शकतो. अधिकाऱ्यापुढे आपल्या वतीने उभे राहावयाचे झाले म्हणजे मात्र नातलग, वकील, सनदी लेखापाल अशा ठराविक लोकांनाच ती मुभा आहे. याचा व्यवहारी अर्थ असा, की रिटर्न भरताना जो अगदी स्वस्त पडला, तो नोटीस आल्यावर आपल्याबरोबर उभा राहू शकेलच असे नाही. काम देण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘उद्या विचारणा झाली तर उत्तर कोण देणार, आणि त्याचे निराळे किती घेणार?’ प्रामाणिक मनुष्य या प्रश्नाने रागावत नाही.

सनदी लेखापाल म्हणवणाऱ्याची खात्री करणे अवघड नाही. त्याचा सदस्यता क्रमांक मागावा व संस्थेच्या संकेतस्थळावर नाव ताडून पाहावे. त्याने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर व लेखापरीक्षण अहवालावर अठरा अक्षरांचा ‘यूडीआयएन’ क्रमांक असतो; २०१९ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. हा क्रमांक कोणालाही संस्थेच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. ‘ते साहेब आमच्या ओळखीचे आहेत, विचारणे बरे दिसत नाही,’ असे म्हणणारे आपल्यात फार. सोनाराकडे वजन करताना काटा पाहणे जसे बरे दिसते, तसेच हेही.

गेल्या काही वर्षांत फसवणुकीची जी तऱ्हा बोकाळली, ती नीट समजून घेणे अगत्याचे आहे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशात सुमारे १५० ठिकाणी एकाच वेळी पडताळणीची मोहीम काढली. तिचा रोख खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर होता. ज्या राज्यांतील आधीच्या छाप्यांतून पुरावा मिळाल्याचे खात्याने सांगितले, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात यांच्याबरोबर आपल्या मध्यप्रदेशाचेही नाव होते. घरभाडे, राजकीय पक्षांस देणगी, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आरोग्यविमा, धर्मादाय देणगी, असाध्य आजारावरील खर्च, अशा ज्या सवलती कायद्याने खऱ्या गरजेसाठी ठेवल्या, त्याच खोट्या आकड्यांनी भरल्या जात होत्या. अशा रीतीने परतावा मिळवणाऱ्यांत सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतील नोकर आणि शिक्षणसंस्थांतील लोकही होते. म्हणजे शिकलेले लोक! त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतले होते, असेही खात्याने जाहीर केले.

त्या निवेदनातील एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे मध्यस्थ पुष्कळ विवरणपत्रांसाठी एखादा तात्पुरता ई-मेल पत्ता उघडीत, हंगाम संपला की तो टाकून देत. पुढे खात्याच्या नोटिसा त्या बेवारशी पत्त्यावर येऊन पडत व करदात्याला त्यांचा थांगही लागत नसे. मुदत उलटून जाई, आणि हा गृहस्थ आपला ‘परतावा मिळाला’ म्हणून निश्चिंत! म्हणून आजच्या आज प्रत्येकाने एक गोष्ट करावी. प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपल्या पॅन क्रमांकाने प्रवेश करून आपल्या नावापुढे कोणता दूरध्वनी आणि कोणता ई-मेल लिहिलेला आहे ते पाहावे. तो आपला स्वतःचा, निदान घरातील मुलाचा किंवा सुनेचा असावा. भरून देणाऱ्याचा असू नये. परवलीचा शब्दही आपल्यापाशी असावा. अधिकृतपणे काम सोपविण्याची सोय पोर्टलवर आहेच; तेथे आपल्या लेखापालाची नोंद ‘माझे सीए’ म्हणून करता येते व पुढे ती काढूनही घेता येते. आधारशी जोडलेल्या फोनवर येणारा ओटीपी ही आजची सही आहे. कोऱ्या कागदावर सही देऊ नये हे आपल्या आजोबांना सांगावे लागत नसे. पण विवरणपत्र न वाचता फोनवरून ओटीपी सांगून टाकणे हा तोच प्रकार होय.

खोट्या परताव्याचा व्यवहार आकड्यांत मांडून पाहू. समजा, देवासच्या बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत आणि जुन्या पद्धतीने त्यांचे उत्पन्न वीस टक्क्यांच्या टप्प्यात येते. कोणी त्यांच्या नावे दीड लाखाची वजावट खोटीच दाखविली. उपकर सोडून ३०,००० रुपये कर वाचला. त्यांतील दहा टक्के, म्हणजे ३,००० रुपये, भरून देणाऱ्याने घेतले. पुढे प्रकरण उघडकीस आले, तर मूळचे ३०,००० द्यावे लागतातच. शिवाय उत्पन्न खोटे सांगितल्याबद्दल कराच्या दुप्पट, म्हणजे ६०,००० पर्यंत दंड, आणि वर व्याज. ज्याने तीन हजार घेतले त्याच्या घरी ही नोटीस जात नाही. कारण विवरणपत्राच्या शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ अशी जी प्रतिज्ञा असते, ती करदात्याची असते. ‘मला काही माहीत नव्हते, त्यांनीच भरले’ हे उत्तर मनाला पटणारे असले तरी कराची जबाबदारी त्याने टळत नाही.

यावरूनच मोबदल्याविषयीचा नियम निघतो. परताव्याच्या शेकड्यावर जो मोबदला मागतो, त्याच्या दाराशी पुन्हा जाऊ नये. सनदी लेखापालास निकालावर किंवा नफ्याच्या टक्केवारीवर फी ठरविण्यास त्यांच्या १९४९ च्या कायद्यानेच, काही थोडे अपवाद सोडून, मनाई केलेली आहे. वकिलांसही त्यांच्या बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे खटल्याच्या यशावर फी ठरविता येत नाही. याचे कारण उघड आहे: परतावा जितका मोठा तितकी फी मोठी, असे झाले की आकडा फुगविण्यात लिहिणाऱ्याचाच हितसंबंध उत्पन्न होतो. तसेच ‘कर भरायचा आहे, रोख देऊन ठेवा, मी भरून टाकतो’ असे म्हणणाऱ्यास पैसे देऊ नयेत. कर आपल्या बँकेतून भरावा, चलन आपल्याकडे ठेवावे. भरलेला प्रत्येक रुपया ‘२६ एएस’ नावाच्या पत्रकात दिसतो, तो तेथे पाहावा. परतावाही करदात्याच्याच पडताळलेल्या खात्यात येतो; दुसऱ्याचे खाते मध्ये येण्याचे कारणच नाही.

प्रामाणिकपणाबरोबर ज्ञानही पाहिजे. प्रामाणिक पण अजाण मनुष्य आपले तितकेच नुकसान करू शकतो. आपण सर्वच काही कायदा जाणत नाही, मग ज्ञानाची परीक्षा कशी घ्यावयाची? त्याला उपाय असा, की ज्याचे उत्तर आपणांस आधीच ठाऊक आहे असा एखादा स्थानिक प्रश्न विचारावा. असा एक उत्तम प्रश्न आपल्या दोन गावांनीच तयार करून ठेवला आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला शहरालगतची थोडीबहुत शेतजमीन आलेली आहे. ती विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो की नाही? कायदा सांगतो, की ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता नव्हे. परंतु ‘ग्रामीण’ कोणती, ते जवळच्या नगरपालिकेच्या लोकसंख्येवरून ठरते. लोकसंख्या दहा हजारांहून अधिक पण एक लाखापर्यंत असेल, तर हद्दीपासून दोन किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी समजावयाची. एक लाखाहून अधिक व दहा लाखांपर्यंत असेल तर सहा किलोमीटरपर्यंतची. त्याहून मोठ्या शहरास आठ. अंतर रस्त्याने नव्हे, सरळ हवेतून मोजावयाचे. आता २०११ च्या जनगणनेत धार शहराची लोकसंख्या ९४ हजारांच्या आसपास, आणि देवासची २ लाख ८९ हजारांच्या वर. तेव्हा हद्दीपासून चार किलोमीटरवर असलेले सोयाबीनचे एक शेत धारेस असेल तर त्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि तसेच शेत तितक्याच अंतरावर देवासास असेल तर आहे. (हद्द जवळच्या दुसऱ्या एखाद्या नगरपालिकेचीही लागू पडत नाही ना, हेही पाहावे लागते, धार जिल्ह्यात पीथमपूरच्या बाजूस हा प्रश्न विशेष येतो.) आकडे घ्यावयाचे ते ज्या जनगणनेचे आकडे संबंधित वर्ष सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध झाले असतील तिचे. त्यामुळे नव्या जनगणनेत धारने लाखाची रेषा ओलांडली, तर तिचे आकडे प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून तेथेही सहा किलोमीटरचा नियम लागेल. जो सल्लागार हे ऐकून ‘हद्दीचे अंतर मोजून घ्या, तहसिलीतून दाखला आणा’ असे म्हणतो, तो जाणता समजावा. ‘शेतजमीन आहे ना, मग काही लागत नाही’ असे जो झटकन सांगतो, त्यास नमस्कार करून उठावे. आणि ज्याच्याकडे गुंठाभरही शेती नाही त्याच्या विवरणात ‘शेतीचे उत्पन्न’ दाखवू पाहणारा तर याहून पुढचा.

दुसरा प्रश्न परदेशी गेलेल्या मुलांचा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाच्या नावे येथील बँकेत ठेव असते, आणि तिच्या व्याजाचे विवरण पहिल्या क्रमांकाच्या साध्या फॉर्मवर भरून दिले जाते. तो फॉर्म अनिवासी व्यक्तीस मुळी चालतच नाही. वडिलोपार्जित वाडा विकतानाही हाच भेद येतो. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घर-जमिनीच्या विक्रीवर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्के, किंवा न धरता १२.५ टक्के, यांतील कमी पडेल तो कर देण्याची मुभा ठेवली गेली. अनिवासी भावाला ती नाही. शिवाय त्याच्या वाट्याची रक्कम देताना विकत घेणाऱ्याने कर कापावयाचा नियमही निराळा आहे. एका वाड्याचे तीन भाऊ मालक, दोघे धारेस व एक परदेशी, असे असता तिघांचा हिशेब एकाच साच्यातून काढून देणाऱ्याने कायदा वाचलेला नाही.

पेन्शनर मंडळींसाठी थोडे सांगून पुढे जातो. २०२५-२६ या वर्षी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होता, आणि पेन्शनवर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट निराळी. तेव्हा ज्यांस कर लागतच नाही त्यांस ‘कर वाचवून देतो’ म्हणणाऱ्याचे काय काम? पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि पेन्शन व व्याज एकाच बँकेतून घेणाऱ्या निवासी व्यक्तीस तर, बँकेत ठराविक निवेदन दिल्यास, १९६१ च्या कायद्यात २०२१ पासून विवरणपत्रातूनच सूट देण्यात आली होती. हे जो आपण होऊन सांगतो आणि स्वतःची फी बुडवितो, त्याचे नाव घरच्या वहीत लिहून ठेवावे. घरातील कर्ते माणूस गेल्यावर त्यांच्या मागे राहिलेल्या वहिनींना किंवा मावशींना जो वारस म्हणून पोर्टलवर नोंद करण्याची रीत समजावून सांगतो, मृताच्याच नावे व त्याच्याच जुन्या परवलीवर काम उरकून टाकत नाही, तोही त्याच वहीत जावा.

येथवर कुटुंबांचे झाले. परंतु न्यासाचे नुकसान हे एका घराचे नसते, म्हणून विश्वस्तांनी या बाबतीत अधिक कडक असले पाहिजे. आपल्या राज्यातील सार्वजनिक न्यास १९५१ च्या मध्यप्रदेश लोक न्यास अधिनियमाखाली नोंदलेले असतात. ती नोंद एक, आणि प्राप्तिकराची नोंद दुसरी. पहिली आहे म्हणून दुसरी आपोआप होते, अशी समजूत अजूनही काही ठिकाणी आढळते. २०२१ पासून प्राप्तिकराची नोंदणी कायमची राहिली नाही. त्या वर्षी ज्या जुन्या न्यासांना पाच वर्षांची नवी नोंदणी मिळाली तिची मुदत ३१ मार्च २०२६ रोजी संपावयाची होती, आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करावयाचा होता. १ एप्रिल २०२५ पासून लहान न्यासांस, म्हणजे ज्यांचे उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षी पाच कोटींच्या आत आहे त्यांस, दहा वर्षांची नोंदणी मिळण्याची सोय झाली. देणगीदारांच्या सवलतीची, म्हणजे ८० जी ची, मान्यता मात्र पाच वर्षांचीच राहिली. या दोन तारखा निरनिराळ्या आहेत, हे जो लेखापाल स्वतः सांगत नाही त्याला तरी त्या विश्वस्तांनी विचाराव्यात. नोंद गळाली तर उत्पन्नाची करमाफी जाते. इतकेच नव्हे तर साठलेल्या मालमत्तेवरही कर बसण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यात होती. पिढ्यापिढ्यांनी चार-चार आणे टाकून उभारलेली धर्मशाळा किंवा विद्यार्थिनिधी एका विसरलेल्या अर्जापायी असा अडचणीत यावा, ही केवढी खेदाची गोष्ट!

देणगीदारासही याची झळ पोहोचते. २०२१-२२ पासून न्यासाने वर्षभरातील देणग्यांचे पत्रक, फॉर्म १० बीडी, पुढील ३१ मेपर्यंत भरावयाचे व त्यावरून निघणारे प्रमाणपत्र देणगीदारास द्यावयाचे असा नियम झाला. पत्रक राहिले तर दर दिवसास २०० रुपये शुल्क, आणि ज्याने श्रद्धेने देणगी दिली त्याची वजावट अडकते ती निराळीच. दोन हजारांवरची देणगी रोख घेतली तर तिला ८० जी ची सवलत मिळत नाही, हे तर पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास पाठ असावे.

आणि आता मुजुमदाराच्या सहीकडे परत येऊ. लहान न्यासांत पुष्कळदा असे होते, की विश्वस्तांपैकीच कोणी सनदी लेखापाल असतात. तेच हिशेब लिहवून घेतात, आणि ‘आपलेच आहेत, फी घेत नाहीत’ म्हणून लेखापरीक्षणाचा अहवालही त्यांच्याकडूनच घेण्याचा विचार निघतो. सेवाभावाबद्दल त्यांचे आभार मानावेत, परंतु हे चालत नाही. न्यासाचा संस्थापक, विश्वस्त, व्यवस्थापक किंवा मोठा देणगीदार यास प्राप्तिकराच्या कामी त्या न्यासाचा लेखापरीक्षक होता येत नाही, असे १९६१ च्या कायद्यातील कलम २८८ मध्ये स्पष्ट होते. अशा सभासदाने हिशेब नीट ठेवण्यास साहाय्य करावे व तपासणीसाठी बाहेरचा मनुष्य आणावा. त्या बाहेरच्या माणसाने विश्वस्तांच्या सभेत वर्षातून एकदा तरी समोर बसून प्रश्नांना उत्तरे द्यावीत, अशी अट नेमणुकीच्या पत्रातच घालावी. नेमणूक तोंडी करू नये. काम कोणते, तारखा कोणत्या, फी किती, कागद परत केव्हा, ही चार वाक्ये पत्रात असली की पुढचे निम्मे वाद उत्पन्नच होत नाहीत.

खात्याच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक पत्राने घाबरण्याचेही कारण नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर ‘डीआयएन’ हा क्रमांक असतो, व तो पोर्टलवर ताडून पाहता येतो. क्रमांक जुळला तर पत्र खरे, मग मुदतीत उत्तर द्यावे. पूर्वीच्या विवरणात चूक किंवा खोटी वजावट राहून गेली असे आढळले, तर अद्ययावत विवरणपत्र भरून जादा करासह ती निस्तरता येते. १ एप्रिल २०२५ पासून ही मुदत चार वर्षांपर्यंत वाढविली गेली, मात्र जितका उशीर तितका जादा कर अधिक, २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत. मागील विवरणे तपासल्यावाचून ‘काही होत नाही, बसा गप्प’ असा सल्ला देणारा आपला हितचिंतक नव्हे.

भरून देणारा बदलावयाचा ठरविलेच, तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बदलू नये. त्या वेळी चांगल्या माणसाला आपली मागील कागदपत्रे वाचण्यास सवड नसते. दिवाळीनंतरचे दिवस बरे. जुन्या गृहस्थांकडून मागील विवरणपत्रांच्या पोचपावत्या, उत्पन्नाच्या मांडणीचे कागद, चलने, आणि न्यास असल्यास नोंदणीचे मूळ आदेश व लेखापरीक्षणाचे अहवाल यादी करून ताब्यात घ्यावेत, फीचा हिशेब पुरता करावा, परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा, आणि यादीच्या दोन प्रती करून एकीवर त्यांची सही घ्यावी.